न आलेली बॅग

२०२१ च्या गणपतीत आरती म्हणताना मला दम लागला. दुसऱ्या कडव्यालाच. खोकला त्याआधी महिनाभर होता, पण भांडुपला आमच्या चाळीत पावसाळ्यात खोकणारी मी एकटी नव्हते. शिवाय कोविडची तपासणी निगेटिव्ह आली होती, तेवढ्यावर आम्ही निर्धास्त झालो.

घराजवळच्या डॉक्टरांनी एक्सरे काढायला सांगितला. उजव्या फुफ्फुसावर डाग होता. "टीबी दिसतोय," ते म्हणाले. थुंकी तपासली, तिच्यात जंतू सापडला नाही. तरीही टीबीची औषधं सुरू झाली. लघवी केशरी व्हायची, तोंडाची चव गेली आणि तीन महिन्यांत वजन ५८ किलोवरून ५१ वर आलं. वजन घटतंय ते टीबीमुळे, आणि खोकला थांबत नाही कारण औषधाला वेळ लागतो, असं आम्ही स्वतःलाच समजावत राहिलो. ते डॉक्टर माणूस म्हणून वाईट नव्हते, मुलाचे ताप-सर्दी लहानपणापासून त्यांनीच पाहिले होते. पण ते तीन महिने मला आजही टोचतात. आपल्याकडे टीबी इतका आहे की छातीतला डाग म्हटला की आधी तोच आठवतो, हे समजू शकते. मात्र थुंकीत जंतू नाही आणि औषधाचा गुणही नाही, तेव्हा तरी सीटी स्कॅन करायला हवा होता. मी मागितला नाही, त्यांनी सुचवला नाही.

डिसेंबरात पाठ इतकी दुखायला लागली की झोपता येईना. तेव्हा स्कॅन झाला. एका खासगी रुग्णालयात फुफ्फुसात सुई घालून बायोप्सी केली. सुई काढल्यावर अर्ध्या तासात श्वास कोंडला. फुफ्फुसाला भोक पडून हवा बाहेर आली होती, फुफ्फुस खाली बसलं होतं. छातीत नळी घालून मला दोन दिवस ठेवलं. या बायोप्सीत असं कधी कधी होतं, हे मला नंतर कळलं. त्या दोन दिवसांत मात्र मी मनाशी ठरवलं, पुन्हा छातीत सुई घालून घ्यायची नाही.

अहवाल आला: अ‍ॅडिनोकार्सिनोमा. फुफ्फुसाचा कर्करोग, मणक्यापर्यंत गेलेला.

मी मुंबई जीपीओमध्ये सॉर्टिंगला होते. एकतीस वर्षं. विडी-सिगरेट सोडाच, मी मशेरीसुद्धा लावली नाही. आमच्या ह्यांनाही कसलं व्यसन नाही. "मग मला का?" हा प्रश्न मी परळला टाटामध्ये पहिल्याच भेटीत विचारला. डॉक्टरबाई माझ्या सुनेच्या वयाच्या. त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "मावशी, का झाला ते मला सांगता येणार नाही. पण सिगरेट न ओढणाऱ्या बायकांमध्ये हा जो प्रकार असतो, त्यात पुष्कळदा एक ठरावीक बदल सापडतो. तो सापडला तर आपल्याकडे त्याच्यावरची गोळी आहे. आधी तो शोधू."

त्या बदलाचं नाव ईजीएफआर. पेशीच्या अंगावरचं हे एक बटण. 'वाढ' असा निरोप आला की ते चालू होतं आणि काम झालं की बंद. त्याच्या जनुकात बिघाड झाला की ते चालूच राहतं. असा बिघाड असलेल्यांना एका विशिष्ट गोळीने गुण येतो, हे २००४ साली उलगडलं. भारतात फुफ्फुसाच्या या प्रकारच्या कर्करोगात साधारण चारांतल्या एकाला हा बदल असतो.

तो शोधायचा तर गाठीचा तुकडा हवा. आम्ही खासगी रुग्णालयातून स्लाइड आणि ब्लॉक आणले होते. ब्लॉक म्हणजे मेणाची छोटी वडी, तिच्यात तो तुकडा बसवलेला असतो. पण तुकडा सुईएवढाच बारीक होता आणि रोग कुठला हे ठरवायच्या तपासण्यांतच तो संपून गेला होता. पुन्हा बायोप्सी? माझं तोंड बघून डॉक्टरबाई थांबल्या. मग म्हणाल्या, "तुमचा आजार मणक्यात आहे, फुफ्फुसाच्या आवरणात आहे. रक्तात काही उतरलं असायची शक्यता चांगली आहे. आपण आधी रक्तातून बघू. लिक्विड बायोप्सी."

हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. मुलाने घरी येऊन वाचलं, मला समजावलं, आणि जे उरलं ते मी पुढच्या भेटीत विचारून घेतलं. आपल्या शरीरात रोज असंख्य पेशी मरतात. त्या फुटल्या की त्यांच्यातल्या डीएनएचे तुकडे रक्तात येतात. रक्तात असे मोकळे तुकडे असतात हे १९४८ सालीच दिसलं होतं. गाठीतल्या पेशीही मरतात, त्यांचेही तुकडे येतात आणि त्यांच्यावर तोच बिघाड लिहिलेला असतो. पण दोन-अडीच तासांत त्यांतला निम्म्याहून जास्त ऐवज शरीर साफ करून टाकतं. आणि बहुतेक तुकडे निरोगी पेशींचे असतात; गाठीचे असले तर शंभरात एखादा, कधी हजारात एखादा.

हे मला चटकन समजलं. एकतीस वर्षं मी तेच केलं होतं. बॅग फोडायची, टपाल टेबलावर ओतायचं, आणि हजारो पत्रांतून पिनकोड बघत एकेक आपापल्या खणात टाकायचं. त्यात एखादं पत्र चुकीचं. ते हाताला लागलं तर लागलं.

रक्त घ्यायला दोन नळ्या लागल्या, प्रत्येकी १० मिली. उपाशीपोटी जायची गरज नव्हती. मुलगा बर्फाचा डबा घेऊन आला होता, रक्त थंड राहावं म्हणून. रक्त घेणाऱ्या मुलाने तो बंदच ठेवायला सांगितला. या नळ्यांत असं औषध असतं की रक्तातल्या पांढऱ्या पेशी फुटत नाहीत. त्या फुटल्या तर त्यांचाच डीएनए बाहेर येतो आणि गाठीचे मोजके तुकडे त्यात हरवतात. म्हणून फ्रिज नाही, बर्फ नाही, हलवाहलव नाही. त्याने नळी सावकाश दहा वेळा उलटी-सुलटी केली, समईची वात लावताना धरतात तशी नाजूक हाताने. हे इतकं सांगते आहे कारण नंतर आमच्या ओळखीतल्या एकांचं रक्त घरी येऊन साध्या जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतलं आणि दिवसभर तसंच ठेवलं. ते फुकट गेलं, पुन्हा द्यावं लागलं. साधी नळी वापरली तर काही तासांत प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशींविना पातळ भाग, वेगळा करावा लागतो. रक्त देताना नळी कुठली, हे विचारायला लाजू नये.

दहा दिवसांनी अहवाल आला. 'एक्झॉन १९ डिलीशन: आढळले.' ईजीएफआरच्या जनुकातल्या बिघाडाचाच हा एक प्रकार. पुढे आकडा, १.८ टक्के. म्हणजे त्या जागेच्या शंभर तुकड्यांत दोनसुद्धा नाहीत, आणि तेवढ्यावर माझे उपचार ठरले. सुईविना. मी मुलाकडून तो कागद दोनदा वाचून घेतला.

नुसत्या गोळीऐवजी गोळी आणि केमो एकत्र, असं डॉक्टरांनी सुचवलं. टाटामध्येच ३५० रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२० मध्ये छापून आले होते: नुसत्या गेफिटिनिबवर, म्हणजे त्या गोळीवर, आजार साधारण ८ महिने थोपून राहिला, जोडीला केमो दिली तर १६ महिने. त्रासही जास्त होतो, तेही त्यांनी लपवलं नाही. आपल्याच परळमधल्या रुग्णांवरून निघालेला हा निष्कर्ष आहे, याचं मला खूप बळ वाटलं. माझ्याआधी त्या बाकांवर बसलेल्या कुणीकुणी होकार दिला, म्हणून मला आकडा मिळाला.

केमोचे दिवस गेले तसे गेले. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी रोज, बी-१२ चं इंजेक्शन अधूनमधून, भांडुप ते परळ स्लो लोकल. पाठदुखी दीड महिन्यात गेली, खोकला त्याआधीच. तोंडावर मात्र पुरळ उठलं, वयात आलेल्या मुलीसारखं, आणि पायाच्या अंगठ्यांची नखं कडेने सुजली. अ‍ॅसिडिटीची गोळी परस्पर घ्यायची नाही, पोटातलं आम्ल कमी झालं की गेफिटिनिब नीट अंगी लागत नाही, हे मला तिसऱ्या महिन्यात कळलं. तोवर मी सुनेच्या डब्यातल्या गोळ्या घेत होते. ते लगेच बंद केलं.

ओपीडीच्या बाहेर साताऱ्याकडचे एक गृहस्थ भेटायचे. भावाला घेऊन येत, मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. भावालाही फुफ्फुसाचाच. माझी तब्येत सुधारलेली बघून एकदा ते म्हणाले, "ताई, तुमच्या गोळीचं नाव लिहून द्या. भावाला तीच चालू करतो, ह्या सुया तरी सुटतील." मी विचारलं, त्यांच्या अहवालात ईजीएफआर आहे का? नव्हता. मी नाव दिलं नाही. त्यांना ते लागलं असणार, मलाही वाईट वाटलं. पण ज्यांच्यात हा बदल नाही त्यांना ही गोळी दिली तर केमोपेक्षा वाईट परिणाम होतो, हे २००९ मध्ये छापलेल्या मोठ्या अभ्यासाने दाखवलं आहे. एकाच अवयवाचा कर्करोग, एकाच बाकावर बसलेलो आम्ही दोघं, आणि औषध वेगळं. मी त्यांना डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी वीस मिनिटं बसून समजावलं. तेवढा वेळ बाहेर रांग खोळंबली, कुणी कुरकुर केली नाही.

दीड वर्ष बरं गेलं. ऑगस्ट २०२३ च्या स्कॅनमध्ये उजव्या फुफ्फुसातली गाठ पुन्हा वाढलेली दिसली. मणका शांत, बाकी सगळं शांत. ती एकच, २.६ सेंटीमीटर.

डॉक्टरबाई म्हणाल्या, गोळी चालेनाशी झाली की निम्म्याहून अधिक रुग्णांत आणखी एक बदल झालेला असतो. टी७९०एम. तो असेल तर ऑसिमर्टिनिब नावाची पुढची गोळी आहे. नसेल तर पुन्हा केमोचा विचार. त्यासाठी परत तपासणी. मी लगेच म्हटलं, रक्तातूनच बघा. त्यांनाही माझं बसलेलं फुफ्फुस आठवत होतं. "बघू. पण या वेळी हमी कमी," एवढं त्या बोलल्या. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

पुन्हा दोन नळ्या. या वेळी अहवाल एका संध्याकाळी मोबाइलवर आला. टी७९०एम: आढळले नाही. एक्झॉन १९ डिलीशन: आढळले नाही.

आमचे हे उठले, चपला घातल्या आणि कोपऱ्यावरून पाव किलो पेढे घेऊन आले. "रक्तात काहीच नाही," असं म्हणून देवापुढे ठेवले. मुलगा मात्र गप्प होता. त्याला टी७९०एम म्हणजे काय ते माहीत होतं. तो नाही म्हणजे नवीन गोळी नाही, केमो आली, असं त्याने मनात धरलं आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिला. एकच कागद, एका घरात. मी मध्ये बसले होते, हातात पेढा.

दोघांचंही चुकलं होतं. ते दुसऱ्या दिवशी कळलं.

डॉक्टरबाईंनी अहवाल उघडला आणि टी७९०एमच्या ओळीवर बोट ठेवलंच नाही. खालच्या ओळीवर ठेवलं. "मावशी, हा एक्झॉन १९ तुमच्या गाठीत आहे, हे आपल्याला पक्कं माहीत आहे. २०२२ मध्ये रक्तात दिसला होता. गाठ वाढतेय, म्हणजे तो आता तिथे असणारच. तरीही रक्तात दिसला नाही. मग?"

मी म्हटलं, "मग बॅगच आली नाही."

त्यांना कळलं नाही, म्हणून मी सांगितलं. एखाद्या गावाहून रोज टपाल येतं. त्यात एका दुकानाचं पाकीट असतंच असतं. एक दिवस मला तुमचं पत्र शोधायचं आहे. शोधते, सापडत नाही. त्या दिवशी दुकानाचं पाकीट आलेलं असेल तर मी म्हणेन, तुमचं पत्र कुणी टाकलं नाही. पण दुकानाचं पाकीटही नसेल, तर तुमच्या पत्राबद्दल मला काहीच बोलता येणार नाही. त्या गावची बॅगच माझ्या टेबलावर आलेली नाही.

"अगदी हेच," त्या म्हणाल्या. "या अहवालाचा अर्थ 'नाही' असा नाही. काही कळलं नाही, असा आहे."

कारणही त्यांनी सांगितलं. पहिल्या वेळी आजार हाडांत, आवरणात पसरलेला होता. रक्तात भरपूर तुकडे सुटत होते. आता गाठ एकच, छातीतच, छोटी. अशी गाठ रक्तात फारसं काही सोडत नाही. गाठीत टी७९०एम असलेल्या साधारण दहांतल्या तिघांच्या रक्तात तो सापडत नाही. म्हणून रक्तात 'आढळले' आलं तर त्यावर विश्वास ठेवून औषध सुरू करतात. 'आढळले नाही' आलं तर गाठीचा तुकडा घेऊन बघतात. २०१६ मध्ये अमेरिकेत ईजीएफआरच्या रक्ततपासणीला पहिली मान्यता मिळाली, तीही हीच पायरी घालून.

म्हणजे सुई.

मी चार दिवस मागून घेतले. या चार दिवसांबद्दल मला नीट लिहिता येत नाही. रात्री छातीवर हात ठेवून मी श्वास मोजत बसायचे. ह्यांनी उरलेले पेढे डब्यात तसेच ठेवले होते, कुणी हात लावेना. पाचव्या दिवशी मी मुलाला म्हटलं, तारीख घे. पाकीट आलं नाही तर आम्ही खात्यात मागच्या कार्यालयाला कळवून शोध घ्यायचो, पाकीट नव्हतंच असं लिहून मोकळं होत नसू. माझ्या बाबतीत तरी तसं कसं करू?

सीटीच्या टेबलावर पालथं झोपवलं. पाठीवर गार औषध, मग बधिर करण्याचं इंजेक्शन. आतून आवाज यायचा, "मावशी, श्वास घ्या... धरा... सोडा." टेबल आत जायचं, बाहेर यायचं. दर वेळी तेवढाच श्वास घ्यायचा असतो, नाहीतर गाठ सरकते. ती प्रॅक्टिस त्यांनी आधी दहा मिनिटं करून घेतली होती, पहिल्या खेपेला ती कुणी करून घेतली नव्हती. सुई जाताना दाब जाणवला, दुखलं कमी. नंतर चार तास पडून राहिले, दोन एक्सरे झाले. फुफ्फुस जागेवर होतं. मी आधी पाणी मागितलं, मग रडले.

तुकड्यात दोन्ही सापडले, एक्झॉन १९ आणि टी७९०एम.

ऑक्टोबर २०२३ पासून ऑसिमर्टिनिब सुरू आहे. महाग आहे, माझ्या महिन्याच्या पेन्शनला न परवडणारी. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात या औषधावरची कस्टम ड्यूटी काढली, त्या बातमीचं कात्रण ह्यांनी माझ्या फाइलला लावून ठेवलंय. तीन महिन्यांनी केलेल्या स्कॅनमध्ये गाठ २.६ वरून १.१ वर आली होती. पुरळ गेलं, नखं बरी झाली. मी गणपतीची आरती पूर्ण म्हटली.

मधे आमच्या वन्सं एक जाहिरात घेऊन आल्या, एका रक्ततपासणीत सगळे कॅन्सर कळतात म्हणून. घरातल्या सगळ्यांनी करू या, त्या म्हणाल्या. मी त्यांना बसवून माझे दोन्ही अहवाल दाखवले. अडीच सेंटीमीटरची गाठ छातीत वाढत असताना माझ्या रक्ताने काही सांगितलं नव्हतं. धडधाकट माणसात अगदी सुरुवातीची, वाटाण्याएवढी गाठ असेल तर रक्त काय सांगणार? तिथे 'नाही' वाचून माणूस निर्धास्त होईल आणि मॅमोग्राफी, तोंडाची तपासणी, सगळं टाळेल. वन्संना पटलं. त्या स्तनाची तपासणी करून आल्या, मी सोबत गेले होते.

गेल्या महिन्याच्या स्कॅनमध्ये यकृतात दोन लहान ठिपके दिसले आहेत. या गोळीलाही वाट सापडली असावी, असं डॉक्टरबाईंना वाटतं. ती कुठली, त्यावर पुढचं औषध ठरेल. सी७९७एस नावाचा बदल असू शकतो, दुसरा एखादा असू शकतो. कधी कधी गाठीची जातच बदलते, आणि ते रक्तातून कळत नाही, त्याला तुकडाच लागतो. हे सगळं त्यांनी आधीच सांगितलं. मी तयार आहे म्हटलं.

पण सुरुवात रक्ताने. यकृतात आलंय म्हटल्यावर या वेळी तुकडे सुटत असतील, अशी त्यांना आशा आहे. गुरुवारी दोन नळ्या दिल्या, मुलाने नळ्यांची झाकणं स्वतः तपासली. अहवाल यायला आठ-दहा दिवस. ह्यांना मी सांगून ठेवलंय, मोबाइलवर आला की नवीन नावं वाचत बसू नका. आधी खालची ओळ बघा, एक्झॉन १९ आलाय का ते मला सांगा.